गाडीच्या दाराशी चपला

आमच्या मजल्यावरचे काका मूळचे तळवलीचे. सोसायटीत कुणीही गाडी बघायला निघालं, की हे धुतलेला पांढरा शर्ट घालून, न बोलावता मागच्या सीटवर हजर. गाडीतलं त्यांना काही कळत नाही, आणि कळतं असा आवही ते आणत नाहीत.

मला इलेक्ट्रिक गाडी घ्यायची होती. नवं मॉडेल एका चार्जमध्ये लांब जाणारं, पण हप्त्याचं टेन्शन होतं. खांदेश्वरच्या एका कुटुंबाची जुनी गाडी आवाक्यातली होती, पण तिची बॅटरी थोडी थकलेली. शोरूममध्ये काका नव्या गाडीत चपलांसकट बसले. "बरी हाय," एवढंच म्हणाले.

खांदेश्वरला जुनी गाडी चालवून बघताना सिग्नलला मागे वळलो, तर काका अनवाणी, मांडी घालून बसलेले.

"काका, चपला?"

"दाराशी काडल्या. गाडीच्या."

"का?"

त्यांनी काचेवर कुण्या पोरीने चिकटवलेल्या फुलपाखराकडे बोट दाखवलं. "लोकांचं घर हाय हे, बाला. कोनाच्या घरात चपला घालून जातंस का तू?"

परतलो तेव्हा चपला मालकांच्या पार्किंगमध्ये, गाडी उभी होती तिथेच जमिनीवर होत्या. ते त्या पायात सरकवेपर्यंत मी मालकांना हो म्हणून टाकलं.

ऐरोलीचं ऑफिस, बाजार, एवढ्याला थकलेली बॅटरीही पुरते. परवा एकटाच भाजी आणायला गेलो. बाजारात गाडीतून उतरलो, तर पायाला चटका बसला. माझ्या चपला सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहिल्या होत्या.