काच काळी दिसते का?

हडपसरच्या गावठाणात मच्छिंद्रच्या स्टुडिओत फोटो काढायला गेलं, की बटण दाबण्याआधी तो एक प्रश्न हमखास विचारायचा. "समोरून काच काळी दिसते का हो?" गिऱ्हाईक गोंधळायचं. दम धरून बसलेल्याचा दम सुटायचा, नवऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरचं लाजणं पळून जायचं. तरी 'नाही' ऐकल्याशिवाय मच्छिंद्र पुढे सरकायचा नाही. बायको गेल्यापासून याचं डोकं फिरलंय, असं गावानं ठरवून टाकलं होतं. ठरवायला गावाला काय लागतं?

पूर्वी तो गिऱ्हाइकाला काही विचारतच नसे. हनुवटी खाली, मान डावीकडे, हलू नका, झालं, उठा. पुण्याच्या लष्कर भागातल्या जुन्या बाजारातून घेतलेला त्याचा जर्मन कॅमेरा. त्याची बघायची खिडकी वेगळी आणि चित्र टिपणारी काच वेगळी. खिडकीत माणसाच्या दोन आकृत्या दिसायच्या. कडं फिरवत त्या एकमेकींवर नीट बसवल्या की नेम बरोबर. काच दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. चेहरे मऊ यायचे, सुरकुत्या निम्म्या व्हायच्या, त्यामुळे म्हाताऱ्या त्याच्यावर खूष. खोड एकच. उजेड समोरून आला की सगळं दूध सांडल्यासारखं पांढरं. काचेचं झाकण एका लग्नात हरवलं, तेव्हापासून ती रुमालात गुंडाळून ठेवायची.

गावातल्या निम्म्या भिंतींवर मच्छिंद्रनं काढलेली माणसं टांगलेली होती. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र बायकोचा, मैनाचा, एकही फोटो नव्हता. मैनाची आई एका जत्रेत हौसेनं फोटोला बसली आणि वर्षाच्या आत गेली. फोटो आयुष्य खातो, हे तेव्हापासून तिच्या माहेरी पक्कं झालं. मच्छिंद्रनं कधी विषय काढलाच तर ती म्हणायची, जगाचे काढा, मला सोडा. तोही सोडून द्यायचा. बायको घरातच आहे, कुठं पळून चाललीय, असं त्याला वाटायचं. सगळ्याच नवऱ्यांना वाटतं.

बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि त्याचा मित्र जयसिंग जपानहून परतला. तो कामाला होता त्या कारखान्यानं त्याला यंत्रं शिकायला धाडलं होतं. त्यानं मच्छिंद्रसाठी त्याच कॅमेऱ्याला बसणारी नवी काच आणली. आठ दिवस वापरून बघ, पटली तर ठेव, म्हणाला. नव्या काचेवर जांभळट लेप होता. उजेड समोर असला तरी भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा असा फोटो येतो, अशी तिची ख्याती. मच्छिंद्रला झोप लागेना. जुनी खरी की नवी, हे एकदा बघायलाच हवं होतं. त्यासाठी जागा तीच, उजेड तोच आणि चेहराही तोच हवा. कोणतं गिऱ्हाईक इतका वेळ बसणार?

तो मैनाच्या मागे लागला. दोन दिवस तिनं ऐकून घेतलं नाही. मग त्याचं जेवणाकडे लक्ष नाही हे बघून तीच म्हणाली, बसते एकदाची, पण मग हे खूळ थांबवा. तिनं ठेवणीतलं हिरवं इरकली लुगडं नेसलं, कुंकू ठसठशीत लावलं, कानात कुड्या घातल्या. हे मच्छिंद्रनं पाहायला हवं होतं. तो ऊन बघत होता. त्यानं तिला परसदारी उंबऱ्यात, उन्हाकडे पाठ करून बसवलं. जुनीची खोड अशीच उघडी पडणार होती.

आधी जुन्या काचेनं चार फोटो काढले. मग घाईनं नवी बसवली.

"अवो, ही काच काळी दिसती," मैना म्हणाली. "मघाची अशी नव्हती."

"नव्या काचा अशाच असतात. तुला काय कळतंय त्यातलं? गप्प बस, हलू नको."

ती गप्प बसली. मच्छिंद्रनं खिडकीला डोळा लावला, कडं फिरवून तिच्या दोन आकृत्या अगदी हळू जुळवल्या आणि चार फोटो काढले. रोल संपला नव्हता. अर्धा रोल धुवायचा म्हणजे नासाडी, म्हणून तो कॅमेऱ्यातच राहिला.

पुढच्याच आठवड्यात मैनानं अंथरूण धरलं. कावीळ. आधी झाडपाला झाला, मग गंडादोरा, आणि ससूनला नेलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. दहाव्याला घाटावर तिची धाकटी बहीण शालू सगळ्यांदेखत म्हणाली, "फोटो काढला आन् आक्का गेली."  मच्छिंद्रनं तो दोष मुकाट्यानं पदरात घेतला. फोटोनं तिला नेली असेल तर नेली, पण चेहरा तरी मागे ठेवला असेल, एवढाच त्याला आधार होता.

त्या संध्याकाळी त्यानं रोल धुतला. जुन्या काचेच्या चौकटींत उजेडच उजेड होता. त्यात कानातली एक कुडी आणि पदराचा काठ ओळखू यायचा, मैना नाही. नव्या काचेच्या चारही चौकटी कोऱ्या, पाण्यासारख्या आरपार होत्या. त्यानं फडताळातून नवी काच काढली. तिच्या तोंडावर काळं झाकण घट्ट बसलेलं होतं. धूळ बसू नये म्हणून त्यानंच लावलेलं. झाकण हरवलेल्या काचेवर सगळा जन्म काढलेल्या हाताला ते काढायची सवयच नव्हती, आणि खिडकीतून तर सगळं स्वच्छ दिसत होतं. मच्छिंद्र अंधाऱ्या खोलीत बसून मोठ्यानं रडला.

काच त्यानं जयसिंगला परत दिली. काचेत दोष नाही, एवढंच सांगितलं.

वर्षभरानं शालू स्टुडिओत आली. कारखान्यात कामाला लागायचं, तर ओळखपत्राला फोटो पाहिजे होता. जीव मुठीत धरून ती स्टुलावर बसली. मच्छिंद्रनं नेहमीचा प्रश्न विचारला.

"काळी कशानं दिसंल, दाजी? तिला झाकण हाय कुठं?"

मच्छिंद्रचा हात थांबला. मग वर्षभर कुणालाही न सांगितलेलं त्यानं शालूला सगळं सांगितलं. झाकणाचं, उन्हाचं, मैना काय म्हणाली आणि आपण काय म्हणालो त्याचं. फोटो निघालाच नव्हता शालू, तो म्हणाला.

 शालूला राग आला नव्हता. ती खरंच विचारात पडली होती.

"मग आक्का गेली कशानं, दाजी?"

काविळीनं, असं मच्छिंद्र म्हणायला गेला आणि उंबऱ्यातली मैना आठवू लागला. त्या दिवशी मैनाचे डोळे पिवळे होते का? खिडकीला डोळा लावून, दोन आकृत्या एक होईपर्यंत तो तिच्याचकडे टक लावून बघत होता. ऊन कुठून येत होतं, किती होतं, ते त्याला आठवत होतं. डोळे आठवेनात.