मोटारमामा आणि पहिली हाक

नदीवरून आलेल्या पहिल्याच हाकेला मी ओ दिली, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा. तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे अगदीच अल्लड. शाळेत विज्ञान शिकवायची आणि गावाच्या समजुतींवर स्टाफरूममध्ये बसून खिदळायची.

मोटारमामा पहिल्या हाकेला कधीच ओ देत नसत. पूल होण्याआधी उमरीकडच्या आमच्या गावातून गोदावरीच्या पल्याड जाणारी मोटारबोट तेच चालवत. पल्याडहून कुणी "नाव आणा होऽ" म्हणून ओरडलं, तरी बिडी ओढत बसून राहायचे. तिसरी हाक आली की उठायचे. "जित्या मानसाला काम असतंय, ते तीनदा वरडतंय. पान्यातलं एकदाच वरडतंय," म्हणायचे. मी विचारलं होतं, "का हो मामा, पाण्यातल्याचा घसा बसतो का?" मामा हसले नव्हते.

ते का हसले नाहीत, हे मला मागाहून कळलं. एका संध्याकाळी मामींनी पल्याडहून एकदाच हाक मारली होती. मामा तिसरीची वाट बघत बसले. नवरा येईना म्हणून मामी उथळ पाण्यातून चालत निघाल्या, त्या सापडल्याच नाहीत. तरीही मामांनी तिसऱ्या हाकेचा नेम मोडला नाही.

पूल झाला आणि बोट पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. कितीतरी पावसाळे तिला कुणी हात लावला नाही. मग एका भादव्यात पूलच पाण्याखाली गेला आणि आमचे गुरुजी, म्हणजे माझे यजमान, पल्याडच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर, अडकले. त्यांचं इन्सुलिन आमच्या फ्रिजात. फोन लागेना. तालुक्याची बोट दुसऱ्या गावाला गुंतलेली.

मामांनी ताडपत्री ओढली. टाकीतल्या शिळ्या पेट्रोलला वार्निशासारखा वास येत होता. ते ओतून देऊन ताजं भरलं. धुराच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, ते तारेनं कोरून काढलं. प्लग माझ्याच भांड्यांच्या घासणीनं घासला आणि म्हणाले, "बाई, तवा ठिवा." पोळीच्या तव्यावर मी प्लग भाजला. बीएड झालेली बाई! बोट पाण्यात लोटली, मी इन्सुलिन घेऊन आत बसले. मामा दोरी ओढायचे, थांबायचे, इंजिनाला कान लावायचे, परत ओढायचे. तळहात सोलले. दिवस कलला. पाऊस थांबला आणि एवढ्या पुराचा आवाजही कुणी पांघरूण घातल्यासारखा दबला.

तेवढ्यात हाक आली. "नाव आणा वोऽ." पल्याडहून नाही, मधूनच, जिथं नुसतं गढूळ पाणी वाहत होतं. एकदाच.

"ओऽ, आलो, आलो!" मी जीव खाऊन ओरडले. गुरुजींशिवाय कोण असणार?

मामांनी वळून माझ्याकडं बघितलं. हात दोरीवर नुसता टेकलेला होता. इंजिन धडधडायला लागलं. मामांनी दोरी ओढलेली मी पाहिली नाही, एवढंच विज्ञानाच्या बाईला सांगता येईल.

आखाड्यावर गुरुजी घोंगडीवर निपचित पडले होते, ओठ सुकलेले. "हाक तुम्हीच मारली ना?" मी विचारलं. ते पुटपुटले, "मला उठवेना, आणि मी हाक कुठून मारू?" आखाड्यावर दुसरं कुणी नव्हतं. परतताना मधल्या पाण्यात मामा फळीवर जरासे सरकून बसले, कुणाला जागा करून द्यावी तसे. मी गुरुजींचं डोकं मांडीवर घेऊन समोरच बघत राहिले. माझी खिदळायची हौस फिटली होती.

गुरुजी वाचले. पुढं मामा थकले आणि त्यांची लेक त्यांना लातूरला घेऊन निघाली. जाताना ते आमच्या दारात आले. मला रडू येत होतं, म्हणून मी चेष्टा केली, "मामा, तिकडं नदी नाही बरं, नळाला तरी ओ देत जा." ते हसले नाहीत. उंबऱ्याशी वाकून हळूच म्हणाले, "बाई, त्या दिवशीची हाक गुरुजींची नव्हती, मला आलेली व्हती. तुमी मधीच ओ दिली म्हून मी ऱ्हायलो. आता पुन्हा आली तर तुमी गप ऱ्हावा. लई ताटकळत ठिवलंय मी तिला."