खोडलेल्या ओळी

मला राग लवकर येतो. घरचे म्हणतात, हिच्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. बाकीचे राग येतात तसे जातातही, पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आलेल्या त्या नव्या एडिटरवरचा माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

पनवेलला आमचं ऑफिस निर्यातीची कामं करायचं. फळं, भाजी, मासळी थंड कंटेनरात भरून न्हावा शेव्याच्या बंदरावर जायची. कुठल्या गिऱ्हाइकाचा माल किती अंशावर ठेवायचा, कुठली कागदं लावायची, अडलं तर कुणाला फोन करायचा, हे सगळं आम्ही ऑफिसच्या विकीवर लिहून ठेवायचो. विकी म्हणजे सगळ्या शाखांना आपापल्या कॉम्प्युटरवर दिसणारी पानं. ज्याला काही नवं कळलं त्याने पान उघडून तिथेच दुरुस्ती करायची. आम्ही त्याला नुसतं 'पान' म्हणत असू. गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिला प्रश्न, पान काय म्हणतंय?

आमच्या शाखेची बहुतेक पानं माझ्या हातची. जुना एडिटर म्हणजे पान लिहायची एक पांढरी चौकट, बस. शब्द ठळक हवा तर दोन्ही बाजूंना चांदणी टाकायची, तक्ता हवा तर उभ्या रेघा, आणि शब्द खोडायचा असेल तर त्याच्या मागेपुढे एकेक आडवी रेघ. मी दहावीनंतर टायपिंगचा क्लास केलेली बाई. माउसला हात न लावता आख्खं पान उतरवून मोकळी व्हायचे. डोकं गिऱ्हाइकाच्या भानगडीत असायचं आणि बोटं आपलं काम करत असायची.

खोडण्याची रीत काकांची होती. काका म्हणजे आमचे बंदरावरचे जुने कारकून. त्यांचा आयुष्यभराचा हेका एकच, पुसायचं नाही, एक रेघ मारायची. पुसलं की उद्या येणाऱ्याला कळत नाही आधी काय होतं ते. त्यामुळे पानावरही आम्ही काही पुसत नसू. जुनी सूचना रेघ मारून तशीच ठेवायची आणि तिच्याखाली नवी लिहायची. दुसऱ्या कुठल्या ऑफिसात असं करत असतील असं मला वाटत नाही, पण आमच्याकडे ते अंगवळणी पडलं होतं. काका हार्ट अटॅकने गेले तेव्हा फोन नंबरांच्या पानावरचं त्यांचं नाव मी तसंच ठेवलं, वर रेघ मारून. घरचाच नंबर होता त्यांचा. पुसायला हात होईना.

आणि मग एका सोमवारी सकाळी आम्ही कॉम्प्युटर उघडला तर जुना एडिटर गायब. त्याच्या जागी वरती बटणांची ही मोठी रांग. मुख्य ऑफिसातून एक साहेब प्रोजेक्टर घेऊन आले आणि हसतमुखाने म्हणाले की आता चांदण्या-रेघा लक्षात ठेवायची कटकट संपली, आता कुणालाही जमेल. कुणालाही म्हणजे काय? आजवर आम्ही कोण होतो? मी विचारलं, जुन्या पद्धतीने लिहायची सोय आहे का कुठे. ते म्हणाले, नाही, ती काढून टाकलीय, आणि महिनाभरात तुम्हीच माझे आभार मानाल.

आभार! मी चांदणी टाकली की ते आपल्याच मनाने यादी सुरू करायचं. उभी रेघ टाकली तर ती खुळ्यासारखी नुसती उभीच. तक्त्यात एक ओळ वाढवायची तर हात उचला, माउस धरा, बारीकसं बटण शोधा, दाबा, पुन्हा कीबोर्डवर या. मधेच कर्सर उडी मारून भलत्याच घरात जायचा. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागू लागला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. संध्याकाळी खांदा कॉलनीत घरी पोचले की भाकरी थापतानाही हात आपटायचे. नवरा म्हणाला, पिठावर कशाला काढतेस? मग कुणावर काढू? मुख्य ऑफिस तर पुण्यात बसलं होतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसायची. उरणकडच्या कोळीवाड्यातली, घरातली पहिली ऑफिसात काम करणारी. आई मासळी विकायची. ही रोज एसटीने यायची, ट्रेलरच्या रांगेत अडकली तरी वेळेत यायची. कंत्राटावर होती, आणि दिवाळीला तिला कायम करायचं ठरलं होतं. तेवढ्या एका गोष्टीकडे तिचं सगळं घर डोळे लावून बसलं होतं. मला तिचं कौतुक वाटायचं, कारण ती कामात शंका ठेवत नसे. एकदा वाचलं, समजलं, की धडाधड करून मोकळी.

मी बहिणीकडच्या कार्याला चार दिवस रजेवर गेले तेव्हा एका जुन्या गिऱ्हाइकाचा डाळिंबांचा कंटेनर निघाला. पोरीने पान उघडलं. तापमानाच्या घरात तिला दोन ओळी दिसल्या, वर दोन अंश, खाली सहा अंश. तिने शाखेच्या साहेबांना केबिनमध्ये जाऊन विचारलं. साहेबांनी मान वर न करता सांगितलं की पानावर लिहिलंय ना, मग त्याप्रमाणे कर, दर वेळी विचारत बसू नकोस. तिने वरची ओळ धरली आणि दोन अंश लिहून पाठवले. डाळिंबाला इतकी थंडी सोसत नाही. परदेशात कंटेनर उघडला तेव्हा साली डागाळलेल्या, दाणे तपकिरी. गिऱ्हाईक आमच्यावर उखडलं.

साहेबांनी तिला बोलावून घेतलं आणि सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडलं. आपण काय सांगितलं होतं ते ते साफ विसरले. कायम करण्याचं आता कठीण दिसतं, असंही म्हणाले. ती टेबलावर परत आली आणि रडलीसुद्धा नाही. मला म्हणाली, "मॅडम, मी वाचलं होतं. दोन होतं. आता आईला काय सांगू?"

मला काही उमगेना. दोन अंश मीच मागे कधीतरी रद्द केले होते, हे मला पक्कं आठवत होतं. ती पानं मला पाठ होती, उघडून बघायची गरजच वाटली नाही. मग तिने ते उचललं कसं? खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं की पोरगी घाईत चुकली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. काकू म्हणजे काकांची बायको. म्हणाल्या, तुमच्या कुठल्याशा शाखेतून सकाळपासून दोनदा फोन आला, यांना द्या म्हणून. बंदरावर गाडी अडकलीय, यांनाच विचारायचंय म्हणे. "अगं, ते जाऊन दोन वर्षं झाली, तुमच्याकडे कुणी लिहून ठेवलं नाही का?"

मी फोन धरूनच फोन नंबरांचं पान उघडलं. काकांचं नाव तिथे होतं. स्वच्छ, काळ्या अक्षरात, बाकीच्यांच्या पंगतीत. वरची रेघ गेली होती. मग मी डाळिंबाचं पान उघडलं, मासळीचं उघडलं, द्राक्षांचं उघडलं. तळपायाची आग मस्तकात गेली. जुनी पानं नव्या एडिटरात आणताना तक्त्यांतल्या सगळ्या खोडण्याच्या रेघा मुख्य ऑफिसवाल्यांनी गाळून टाकल्या होत्या. आम्ही वर्षानुवर्षं रद्द केलेली प्रत्येक ओळ पुन्हा उभी राहिली होती, आणि खरी ओळ तिच्याखाली निमूट बसली होती. पोरगी चुकली नव्हती. तिने समोर होतं ते वाचलं होतं.

मी काकूंची माफी मागितली आणि तडक केबिनमध्ये गेले. साहेबांना सगळं दाखवलं. ते म्हणाले की तांत्रिक गोष्टीत आपण पडायला नको, मुख्य ऑफिसला वाईट वाटेल, आणि अहवालात कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं. मी म्हटलं, पान माझं आहे, माझं नाव घाला. तर म्हणाले, तुम्ही कायम आहात, तुमच्यावर कारवाई करायची म्हणजे फार सोपस्कार. म्हणजे जिला काढायला सोपं, तिला काढायचं. इतकं निर्लज्ज उत्तर मी त्या ऑफिसात दुसरं ऐकलं नाही.

अहवालसुद्धा विकीवरच लिहायचा असे. 'मूळ कारण' या रकान्यात साहेबांनी 'मानवी चूक' असं लिहून ठेवलं. मी टेबलावर आले, पान उघडलं, आणि त्या नव्या, गुळगुळीत, कुणालाही जमणाऱ्या एडिटरात ते खोडून खरं कारण लिहिलं. साहेबांनी ते बदललं. मी परत लिहिलं. त्यांनी परत बदललं. आता त्या नव्या एडिटरची आणखी एक हुशारी अशी होती की पान बदललं की सगळ्या शाखांना आपोआप ईमेल जायचा. जुन्यात हे नव्हतं. साहेबांना ते माहीत नव्हतं. मला होतं, कारण त्या ईमेलनी महिनाभर माझा जीव नकोसा केला होता. मी काही थांबले नाही. चहा आला, गार झाला, मी लिहीतच होते.

संध्याकाळपर्यंत फोन यायला लागले. एका शाखेचे म्हणाले, अहो, आमच्याकडेही बंद केलेले पत्ते पुन्हा दिसताहेत. दुसऱ्या शाखेने रद्द झालेल्या नियमाने कागद भरले होते. साहेब केबिनचं दार लावून बसले. दोन दिवसांनी मुख्य ऑफिसचं पत्रक आलं की काही पानांच्या स्वरूपात किरकोळ फरक आढळला असून तो दुरुस्त करण्यात येत आहे. चूक हा शब्द कुठे नाही. किरकोळ! त्या फरकापायी एका बाईला तिच्या गेलेल्या नवऱ्यासाठी फोन घ्यावे लागले होते.

दुरुस्ती कसली, ती आम्हालाच करायला लावली. एकेक पान उघडून प्रत्येक मेलेली ओळ माउसने निवडायची आणि रेघेचं बटण दाबायचं. मग काकांच्या नावापाशी आले. त्या माणसाला मला दुसऱ्यांदा खोडावं लागलं. असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणी बघू नये म्हणून मी पंख्याला शिव्या घातल्या.

पोरीला दिवाळीला कायमचं पत्र मिळालं. तिच्या आईने डबाभर कोलंबी पाठवली माझ्यासाठी, साफ करून, मसाला लावून. साहेबांनी हात मिळवून तिचं अभिनंदन केलं, जणू मधे काही झालंच नव्हतं. ऑफिसातले मला म्हणाले, मॅडम जिंकल्या. मलाही आठवडाभर तसंच वाटलं.

मग माझ्या लक्षात आलं की ती आता धडाधड काम करत नाही. पान उघडते, वाचते, परत वाचते, कीबोर्डवरचा हात मागे घेते. पुढे माझी बदली वरच्या मजल्यावर झाली, तिलाही बढती मिळाली, तिच्या हाताखाली माणसं आली. एडिटर त्यानंतर दोनदा बदलला. पण मी निवृत्त होईपर्यंत एकही दिवस असा गेला नाही की माझा फोन वाजला नाही आणि पलीकडून तिने हळू आवाजात विचारलं नाही, "मॅडम, ही ओळ जिवंत हाय का मेलेली?"