मिन्चोचा गुरुवार

मिन्चोला राकियाचा घोट घशाखाली उतरेना. राकिया झकास होती, शेजारच्या डोन्काच्या भावाने घरच्या आलुबुखारांची काढलेली दारू. पण समोर ल्युबेन जमिनीवर फतकल मारून बसला होता आणि डोन्काचा कॉम्प्युटर उघडून त्याच्या पोटात हात घालत होता. हे कुणाला बघवेल?

तो कॉम्प्युटर आठ वर्षांपूर्वी मिन्चोने जुळवला होता. गाब्रोवो शहरातल्या गिरणीत एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून राबलेला माणूस. तार लोंबती सोडणं त्याला जमायचंच नाही. प्लास्टिकच्या पट्ट्यांना तो नाक मुरडायचा. गिरणीतला मेण लावलेला दोरा घेऊन बोटाबोटावर गाठ मारत केबली बांधायचा. त्या गाठी बघायला मोठमोठे इंजिनिअर यायचे म्हणे. म्हणे, कारण सांगणारा मिन्चोच.

त्या कॉम्प्युटरवर डोन्का आपल्या नाचमंडळाचे व्हिडिओ जोडायची, आणि दर गुरुवारी मिन्चो आतली धूळ काढायला यायचा. आठवड्यात धूळ बसून बसून बसते किती हो? चिमूटभर! पण ती काढून झाली की डोन्का चीज भरलेली गरम बानित्सा टेबलावर ठेवायची, समोर बसायची आणि दोन तास गप्पा चालायच्या. बायको मार्गा गेल्यापासून मिन्चोच्या आठवड्यात जगण्यासारखा हा एकच दिवस उरला होता.

आणि आता हा ल्युबेन! जर्मनीहून परत काय आला, तिसऱ्या मजल्यावर राहायला काय लागला, आणि व्हिडिओ अडकतात म्हणून डोन्काने मिन्चोला सोडून त्याला काय विचारलं! "नवं ग्राफिक्स कार्ड टाकू, मावशी. ते जास्त वीज खातं, म्हणून पॉवर सप्लायही बदलू. मग बघायलाच नको." वर धूळ अडवायची जाळीसुद्धा घेऊन आला होता शहाणा. जाळी बघून मिन्चोचा नुसता जळफळाट झाला.

घरात नवी वस्तू आली की शेजाऱ्यांना पेला पाजावाच लागतो, म्हणून रविवारी दुपारी डोन्काने मिन्चोलाही बोलावलं होतं. पाहुणा म्हणून! समोरच्या दारातल्या गिनाआजी आधीच येऊन बसल्या होत्या. नवं कार्ड खोक्यातून निघालं तशा त्या म्हणाल्या, "अगं बाई, केवढं धूड! थू थू थू, नजर नको लागायला." आणि थुंकताना त्यांनी नेमकं मिन्चोकडे बघितलं.

ल्युबेनने जुना पॉवर सप्लाय काढून नवा बसवला. मदरबोर्डला नवी केबल लावली, कार्डाला लावली. जुन्या सप्लायहून हार्ड डिस्कला गेलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या केबलींपाशी मात्र थबकला.

"मिन्चोदादा, हे तुमचं काम? अहो, असं बांधकाम मी जर्मनीतही नाही पाहिलं! कापायला हातच होत नाही. यांचं टोक नव्या सप्लायमध्ये बसतंय बघा. राहू दे ना असंच?"

मिन्चोचा पेला ओठांपाशी थांबला. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. त्या जुन्या केबलींतून नव्या सप्लायची वीज गेली की दोन्ही डिस्क जागच्या जागी जळणार. डोन्काचे आठ वर्षांचे नाच त्यांत होते आणि दुसरीकडे कुठे एक प्रतसुद्धा नव्हती.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मिन्चोने घोट घेतला. जळू दे, त्याला वाटलं. एकदा जळू दे आणि हिला कळू दे कोण कामाचा आणि कोण नुसता बोलघेवडा. रडत माझ्याकडेच येईल. आता राकिया त्याला गोड लागली. ल्युबेन स्क्रू पिळत राहिला आणि मिन्चो पीत राहिला. दुसरा पेला संपला, तिसराही संपला.

"झालं!" ल्युबेनने हात झटकले.

"थांब रे," डोन्का म्हणाली. "बटण मिन्चो दाबेल. मशीन मुळात त्याचं आहे. आणि मिन्चो, सगळ्यात आधी मार्गाचा नाच लावायचा हं. लाल ओढणीतला."

मिन्चो उठला. बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच अडलं. मार्गाही त्यातच होती की! डोन्काचं वाटोळं करताना हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"डिस्क जळतील," तो कसाबसा म्हणाला. "केबली जुन्या आहेत."

ल्युबेनने धावत जाऊन प्लग उपटला. "अरे देवा! खरंच की! दादा, वाचवलंत हो मला!" गिनाआजींनी छातीवर क्रूस काढला. डोन्का मात्र मिन्चोकडे वळली.

"कधी दिसलं तुला?"

"आत्ताच," म्हणावं असं मिन्चोला फार वाटलं.

"अहो मावशी, मी दादांना दाखवूनच लावल्या," ल्युबेन आपला भाबडेपणाने म्हणाला. "त्यांचा पहिला पेला चालू होता तेव्हा."

डोन्काने बाटलीकडे पाहिलं. मग शिवणाच्या डब्यातली कात्री आणून मिन्चोच्या हातात दिली. "काप."

मिन्चोने आपल्या गाठी आपल्याच हाताने कापल्या. ल्युबेनने नव्या केबली जोडल्या, मशीन सुरू झालं आणि मार्गा कुठेही न अडकता नाचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिन्चोनेही वाजवल्या.

बानित्सा टेबलावर आली. मिन्चोचा तुकडा डोन्काने कागदात गुंडाळला आणि दारापाशी त्याच्या हातात ठेवला.

"घरी जाऊन खा," ती म्हणाली. "आणि गुरुवारी येऊ नकोस. आता जाळी बसवली आहे."