काकांचं नाव न घेता

डोक्यावर नसलेली टोपी भुवयांपर्यंत ओढायची, दोनदा खाकरायचं आणि म्हणायचं, "मी का म्हन्तो..." पुढे काहीच म्हणायचं नाही. देवळी गावातल्या आमच्या गल्लीतल्या काकी नवऱ्याची ओळख अशी करून देत. नाव घेत नसत. काकांचं कापडाचं दुकान होतं आणि त्यांचं कुठलंही वाक्य याच्या पुढे गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

यात अडण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. अडे ते मतदानाच्या दिवशी. मतदारयादीत काकींच्याच नावाची, आडनावाची आणखी एक बाई होती. त्यामुळे केंद्रावर नवऱ्याचं नाव विचारत. ओळखीचे शिक्षक ड्युटीवर असले की भागून जाई. नव्वदच्या दशकातल्या एका निवडणुकीला मात्र बाहेरगावचा अधिकारी आला. मी बातमीसाठी दारात उभा होतो.

"पतीचं नाव?"

"नाई घेत."

"मग बाजूला व्हा."

"काऊन? पहिल्या निवडणुकीच्या टायमाले माह्या सासूनं सोताचं नाव सांगतलं नाई. अमक्याची बायको, इतकंच म्हने. यादीतून उडवली तिले. मी सोताचं सांगतलं ना? मत टाकल्याबिगर हलत नाई."

"पतीचंही सांगा."

"तुमची बायको घेते का तुमचं?"

"घेत असन वो," रांगेतून एक बाई म्हणाली, "चिडला पाहा कसा!"

काकींनी मग टोपी ओढली, खाकरल्या. "मी का म्हन्तो..." सकाळपासून एकमेकांशी न बोललेल्या दोन पक्षांच्या प्रतिनिधींनी एका सुरात काकांचं नाव सांगितलं. दोन्ही पक्षांचं एकमत झाल्याचं मी बातमीत लिहिलं होतं. संपादकांनी ते वाक्य अविश्वसनीय म्हणून कापलं.

"हा पुरावा होत नाही," अधिकारी म्हणाला.

तेवढ्यात पुरुषांच्या रांगेतून काकांनी दारात डोकं घातलं. खरी टोपी भुवयांपर्यंत ओढली. दोनदा खाकरले.

"मी का म्हन्तो..."

अधिकारी पुढच्या शब्दांसाठी थांबला. रांगही थांबली. बऱ्याच वेळाने त्याने यादीवर खूण केली आणि शाईची बाटली उघडली.

पुढे फोटोची ओळखपत्रं आली. काका गेल्यानंतरच्या निवडणुकीला काकी सुनेचा हात धरून केंद्रावर आल्या. तरुण अधिकाऱ्याने कार्ड पाहिलं, बोटाला शाई लावली.

"झालं आजी, चला पुढे."

"मालकाचं नाव नाई इचारत?"

"गरज नाही आता. कार्ड आहे ना."

काकी हलल्या नाहीत. मागची रांग कुरकुरली. त्यांनी पदर जरा मागे सारला, नसलेली टोपी भुवयांपर्यंत ओढली, दोनदा खाकरल्या.

"मी का म्हन्तो..."

बाकावरचे दोन्ही प्रतिनिधी तेच होते, फक्त केस पिकलेले. दोघांनी एकदमच काकांचं पूर्ण नाव घेतलं.

"हो," काकी म्हणाल्या, "त्याइचीच." आणि यंत्राकडे गेल्या.