नळावरची रांग

निंबादादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कडोदऱ्याच्या मिलमध्ये साडीचा गुलाबी जुळवत होतो. फोन आमच्या जुन्या मिलमधून होता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. मी परत रंगाकडे वळलो खरा, पण त्या दिवशी गुलाबी काही जुळला नाही. शेवटी मुकादमाने मला घरी हाकललं. आज सव्वा महिना झाला, आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

निंबादादा पांडेसऱ्याच्या छपाई मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढायचे. आम्ही दोघं धुळ्याकडचे, त्यात मी रंगखात्यात, म्हणून आमची गट्टी जमली. माणूस हट्टी, त्यात बोलायला तिरकस. आमच्या धंद्यात डिझाइनच्या कागदाची उजवी कड डाव्या कडेला आणि वरची खालच्या कडेला जुळावीच लागते, कारण तोच नमुना पुढे कापडभर छापत जायचा असतो. त्याला आम्ही रिपीट म्हणतो. रिपीट केसभर चुकलं तरी अख्ख्या मालावर रेघ दिसते. वीस वर्षं हेच काम केलेल्या दादांनी संपणारा कागद कधी काढलाच नव्हता. मी चिडवायचो, "दादा, तुमचं चित्र थांबायचं नावच घेत नाही." ते म्हणायचे, "कापडना ताका संपस, डिझाइन नही संपत."

शहरातल्या संग्रहालयात दर हिवाळ्यात इथल्याच चित्रकारांची नवी चित्रं मांडायचे. नव्वद सालाच्या आसपास दादांनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात ते भूतच शिरलं. तिथे आपलं एक चित्र लागावं, खाली नाव असावं. साड्या हजारो बायकांनी नेसल्या, पण डिझाइन काढणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. दादा ते बोलून दाखवत नसत. फक्त दरवर्षी नवा कोरा शर्ट घालून चित्र द्यायला जात.

पहिल्या वर्षी चित्र परत आलं. दुसऱ्या वर्षीही आलं. निवड करणारे गृहस्थ सज्जन होते, हळूच गुजरातीत म्हणाले, "भाई, काम सरस छे, पण आ तो साडी छे." दादांनी चित्र गुंडाळून काखेत मारलं आणि रिक्षा पकडली. मला मात्र त्यांचाच राग आला. कडा जुळवायची सवय हा माणूस दोन हात कागदापुरतीही सोडू शकत नव्हता.

तिसऱ्या वर्षी त्यांनी बमरोलीतल्या आपल्या चाळीतला नळ काढला. पाण्याला उभ्या बायका, हंडे, प्लॅस्टिकच्या बादल्या, मध्येच एक भांडण. इतकं जिवंत की हंड्यात पाणी पडल्याचा आवाज यावा. आणि उजव्या कडेला एक बाई अर्धीच! तिचा उरलेला अर्धा भाग डाव्या कडेला. म्हणजे पुन्हा रिपीट! मी कपाळावर हात मारला.

त्या वर्षी दादांना रजा मिळाली नाही, म्हणून चौकट करून चित्र परस्पर संग्रहालयात द्यायचं काम माझ्याकडे होतं. चौकटवाल्याने विचारलं, "ही अर्धी बाई ठेवायची?" मी म्हणालो, "दोन्हीकडून चार-चार बोटं काप." मला वाटलं, मी दादांचं भलं करतोय. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नकोच म्हटलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं...

चित्र निवडलं गेलं. दादा वत्सलावहिनींना घेऊन आले. वहिनी नवी साडी नेसल्या होत्या. खाली दादांचं नाव होतं, लोक थांबून बघत होते. वहिनी मात्र चित्राच्या इकडून तिकडे, तिकडून इकडे शोधत राहिल्या. मग मोठ्यानेच विचारलं, "मी कोठे शे?"

तेव्हा मला कळलं. थंडीत साडीवर दादांचा जुना शर्ट चढवून पाण्याला जाणारी ती अर्धी बाई म्हणजे वहिनी होत्या. मी हजारदा त्यांना त्या वेशात पाहिलं होतं आणि कापताना ओळखलं नव्हतं.

दादांनी कडांवरून नजर फिरवली, माझ्याकडे पाहिलं. माझा चेहराच उतरला होता. ते वहिनींना म्हणाले, "गर्दीमा व्हशी कोठेतरी." त्यांनी मला एका शब्दानेही दुखवलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रदर्शन पुढेही दर हिवाळ्यात होत राहिलं, पण दादांनी पुन्हा चित्र दिलं नाही. मी विचारलं की "टाइम नही" म्हणायचे. मग माझी नोकरी कडोदऱ्याला गेली, भेटी मिलच्या फाटकावरच व्हायला लागल्या. त्यांच्या खोलीवर जायचं मीच टाळत होतो.

तेराव्याला पाहुण्यांच्या गर्दीत बाहेरच्या मांडवात बसून परतलो. परवा मात्र मुद्दाम गेलो. वहिनी एकट्याच होत्या. आत पाय ठेवला आणि जागच्या जागी उभा राहिलो. चित्र भिंतीवर होतं, मी करून आणलेल्या चौकटीतच. पण बायकांची रांग चौकटीतून बाहेर पडून भिंतीवर आली होती. कोपऱ्यातून वळून, कपाटामागून, देवांच्या फळीखालून ती खोलीभर फिरली होती. नव्या बायका, नवे हंडे, नवी भांडणं. कित्येक रविवारांचं काम होतं ते. दाराच्या कडेला येऊन मात्र रांग तुटली होती. भिंतीवर शर्टाची एक बाही आणि अर्धा हंडा, बस्स.

"वहिनी, हे राहून गेलं का?" मी विचारलं.

"नही भाऊ," त्या म्हणाल्या, "दार लोटा."

मी दार लोटलं. आतल्या बाजूने दाराच्याच फळीवर चेहरा होता, दुसरी बाही होती, उरलेला हंडा होता. केसभरही फरक नव्हता. वहिनी उठल्या, दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि बोट ठेवून म्हणाल्या, "आठे शे मी."

मला रडू आवरेना. वहिनी, ते मीच कापलं होतं, मी म्हणालो. "माले माहीत शे," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला वळल्या. मी दार उघडायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, राहू द्या. मग त्या उकाड्यात आम्ही दार लावूनच चहा प्यायलो.