परतीची फेरी

"मॅडम, आज गाडी येणार न्हाई."

शाळा सुटायला अजून दोन तास होते. शहागडच्या आमच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या टेबलावर मी नववीच्या वह्या तपासत बसले होते. फोन अंकुशचा होता. वडीगोद्रीच्या फाट्यावर त्याची रसवंती आहे, आणि सुखदेवची जीप येणार नसली की मला निरोप द्यायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलेलं. मी वहीवरून नजर न काढता विचारलं, "परत बिघडली का?" त्याच्या मागे उसाच्या चरकाचा आवाज येत नव्हता… मग तो म्हणाला, "गाडी बरी हाय, मॅडम."

सुखदेव दुपारी जेवायला घरी गेला होता. हात धुवून उठला, छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. सकाळी मी त्याच्याच जीपमधून आले होते. फाट्यावर उतरताना 'येते' म्हटलं होतं की नाही, ते आज दीड महिन्यानंतरही मला आठवत नाही. रोजच्या माणसाचा निरोप आपण कुठे नीट घेतो?

मी घनसावंगीत राहते. सुखदेव घनसावंगी ते वडीगोद्री काळी-पिवळी जीप चालवायचा. अर्धा रस्ता त्याच्या गाडीनं आणि पुढे शहागडपर्यंत मिळेल त्या बसनं, असा माझा चौदा वर्षांचा नेम. बोलताना आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत असू, पण इथे 'ते सुखदेव' असं लिहायला घेतलं तर कुणा परक्याबद्दल लिहितेय असं वाटायला लागलं. म्हणून तो.

या पुरवणीत मी अधूनमधून विज्ञानावर आणि सिनेमावर लिहिते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. स्वभावानं मी फटकळ. चुकीचं दिसलं की लाल पेन आपोआप बाहेर येतं, मग समोर नववीचं पोरगं असो की मुख्याध्यापक. आमची मैत्रीही अशीच एका चुकीवरून झाली. सीटा भरेपर्यंत जीप उभी असायची, तेवढ्या वेळात सुखदेव मोबाइलवर सिनेमे बघायचा. हाणामारीचे नाहीत, लग्नाकार्याचे नाहीत. याला फक्त अवकाशाचे सिनेमे लागत. एक दिवस माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, उजेडाच्या पुढं कायच पळू शकत न्हाई म्हणत्यात, बराबर हाय का?" मी म्हटलं, बरोबर आहे. "मंग हे यान कसं काय पळून राह्यलं?" मी म्हटलं, सिनेमातलं सगळं खोटं असतं. त्यावर तो म्हणाला, "खोटं हाय ते मला बी दिसतंय. किती खोटं हाय, तेवढं सांगा."

'किती' हा प्रश्न विचारायला मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवतेय, आणि आठवी नापास झालेला हा माणूस तो स्टेअरिंगवर हात ठेवून विचारत होता. त्या दिवसापासून पुढची सीट माझी झाली. गुरुत्वाकर्षण, कृष्णविवर, काळ हळू चालणं, सगळं मी त्याला घनसावंगीच्या रस्त्यावर शिकवलं. उदाहरणाला जीप, एसटी आणि उसाचा ट्रॅक्टर हाताशी होतेच. पटलं नाही तर तो "बिलकुल न्हाई" म्हणून सरळ सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी नवी शंका काढायचा. इतका चांगला विद्यार्थी मला वर्गात मिळाला नाही, हे मी माझ्या वर्गातही सांगितलं आहे.

त्याच सुमारास तीन भागांच्या एका अवकाशपटाचा पहिला भाग हिंदीत आला. नाव लिहीत नाही, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पृथ्वीवरचं पाणी संपत आलेलं. दूरच्या एका ग्रहावर पाणी आहे. यान एकच, आणि त्यात सगळे मावत नाहीत. यान चालवणारी बाई मागे राहिलेल्यांना सांगते, मी परत येईन. दुसऱ्या भागात नुसता प्रवास. तिसऱ्या भागात पोहोचणं. मधल्या वर्षांत सुखदेवनं पहिले दोन भाग किती वेळा पाहिले त्याची मोजदाद नाही. तिसरा मात्र मोबाइलवर बघायचा नाही, जालन्याला मोठ्या पडद्यावरच बघायचा, असं त्यानं जाहीर केलं. तो लागला त्या रविवारी धंदा बंद ठेवला आणि नऊ माणसं जीपमध्ये घालून निघाला. त्याची बायको संगीता, मी, रसवंती बंद ठेवून आलेला अंकुश आणि तुकाराम आबा. आबांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे, आबा आता कापूस लावतात. बाकीची मंडळी सुखदेवच्या वस्तीतली, बुद्धविहाराच्या शेजारची. खर्च कुणी विचारायचा नाही, असं सुखदेवनं निघतानाच बजावलं होतं.

शेवट असा होता. यान पोहोचतं. माणसं धावत पाण्याकडे जातात, रडतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात. आणि ती बाई जमिनीवर पाय न ठेवता यान वळवते. रिकाम्या सीटा दिसतात, पुढे काळोख दिसतो आणि सिनेमा संपतो. ती पोहोचली का, तिकडे कुणी शिल्लक होतं का, काही सांगत नाहीत. थिएटरात दिवे लागले तेव्हा अर्धे लोक शिट्ट्या मारत होते, अर्धे शिव्या घालत होते. माझ्यापुढचा एक कॉलेजचा मुलगा उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि त्याचा मित्र त्याला खाली ओढत होता. सुखदेव आपल्या जागेवर बसून होता. झाडू मारणारा माणूस आमच्या रांगेपर्यंत आला, तेव्हा कुठे उठला.

परत येताना जीपमध्ये जे झालं त्याला वादविवाद म्हणणं म्हणजे फारच सभ्यपणा झाला. अंकुश म्हणाला, "तीन भाग बघितले आन् शेवटाला काय, तर बाई परत निघाली. मंग गेल्ती कशाला?" तुकाराम आबांची हरकत वेगळीच. "एवढं पाणी समोर, आन् एकानं बी तोंड धुतलं न्हाई. मला तर तिथंच खोटं वाटलं." संगीताचे डोळे अजून ओले होते. ती एवढंच म्हणाली की त्या बाईनं निदान घोटभर पाणी तरी प्यायचं होतं. मी लाल पेन काढलंच. यानाचा वेग, लागणारी वर्षं, पृथ्वीवर तोवर गेलेला काळ, सगळा हिशेब मांडून मी सिद्ध केलं, की ती पोहोचेल तेव्हा तिची वाट बघणारं एकही माणूस जिवंत नसणार.

अंबडजवळ सुखदेवनं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "नातू असतील की."

"नातवांना काय माहीत ती येणार आहे ते?"

"आज्यानं सांगितलं असंल. माणूस काय उगाच उभा राहतो का, मॅडम? गाडी येणार हे म्हाईत असतं, म्हणून राहतो."

मी हसले. अंकुशनं अंबडच्या हॉटेलात चहा पिताना हात वर करायला लावून मतं घेतली. शेवट आवडला म्हणणारे दोघेच निघाले, सुखदेव आणि संगीता. बाकी सगळे विरोधात, एक जण झोपलेला. सुखदेवनं हार हसून मान्य केली, पण मत काही बदललं नाही.

पुढच्या रविवारी मी या पुरवणीत लिहिलं. पहिल्या दोन भागांचं भरपूर कौतुक केलं आणि शेवटावर घसरले. माझं वाक्य मला पाठ आहे, कारण ते मला फार जमलं असं तेव्हा वाटलं होतं. 'रिकामं यान घेऊन परत निघालेली नायिका टाळ्या मिळवते, पण पटत नाही. शहाणं माणूस असं करत नसतं.' अंकुशनं तो लेख फाट्यावर मोठ्यानं वाचून दाखवला, अगदी चवीनं. सुखदेवनं पेपर हातात घेतला, सावकाश पुन्हा वाचला आणि घडी घालून मला दिला. "भाषा चांगली हाय. एकदा परत बघा मॅडम, मंग परत लिव्हा." मी 'बघते' म्हटलं.

त्याच आठवड्यात सहामाहीचे पेपर तपासत मला उशीर झाला. फाट्यावर पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि नेहमीच्या गाड्या निघून गेल्या होत्या. एवढ्यात सुखदेवची जीप आली, पूर्ण रिकामी. मी चढता चढता चेष्टा केली, "आज सवारी मिळाली नाही वाटतं?" तो म्हणाला, "हाय की. तुमी हाय." आणि गाडी वळवली. मला उशीर झाला की याची गाडी नेमकी येते, याचं मला तेव्हाही विशेष वाटलं नाही. शिक्षकांच्या खोलीत मी अभिमानानं सांगायचे, गाडीच्या बाबतीत माझं नशीब भारी आहे.

सिनेमा परत बघायचं मात्र राहिलं. सहामाही झाली, दिवाळी झाली, गॅदरिंग झालं. तो महिन्या-दोन महिन्यांनी हळूच विचारायचा, "बघितला का?" माझं ठरलेलं उत्तर, "बघते." त्यानं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. चिडला असता तर मी लाजेकाजेनं तरी बघितला असता, असं आज मनात येतं. पण हाही दोष त्याच्याच माथी मारण्याचा प्रकार झाला. टाळलं मी.

मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला त्याच्या घरी गेले. भंतेजींची वंदना झाली, लोक जेवून पांगले. अंगणात जीप उभी होती, कुणीतरी ती धुऊन ठेवली होती. संगीता माझ्याजवळ येऊन बसली आणि आपण होऊन बोलायला लागली. सकाळी गाडीतून कोण कोण गेलं, हे त्याच्या ध्यानात राहायचं. संध्याकाळी घरी आला की हातपाय धुवायच्या आधी उंबऱ्यात उभा राहून बोटं मोजायचा. कोण आलं, कोण राहिलं. एक बोट जरी उरलं तरी गाडी परत फाट्यावर. "तुमच्या परीक्षेच्या दिसांत तर ताट रोज गार व्हायचं, मॅडम," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, सहज.

चौदा वर्षं मी ज्याला नशीब म्हणत होते, ते घनसावंगीहून रिकामं निघून माझ्यासाठी फाट्यावर येत होतं. मी त्यात बसत होते, वर चेष्टा करत होते, आणि पेपरात लिहीत होते की शहाणं माणूस असं करत नसतं. मी म्हटलं, "माझा लेख वाचल्यावर तरी त्यांनी मला सांगायचं होतं…" संगीता म्हणाली, "मी बी तेच म्हणले. तर म्हणायले, सवारीला गाडी आलेली दिसती. कुठून आली ते तिला कसं दिसणार?"

त्या रविवारी मी तिसरा भाग परत पाहिला, संगीताच्या घरी, माझ्या लॅपटॉपवर. दोघींनीच. हिशेब पुन्हा करून पाहिला, तो आजही बरोबर आहे. ती पोहोचेल तेव्हा तिथे ओळखीचं कुणी नसणार. पण यान वळवण्याआधी ती बाई क्षणभर मागे वळून रिकाम्या सीटांवरून नजर फिरवते, ते जालन्यात मी पाहिलंच नव्हतं. तेव्हा मी वर्षं मोजत होते, ती माणसं मोजत होती. तेव्हा, याच पुरवणीत, जाहीरपणे लिहिते: सुखदेव, शेवट बरोबर होता. चूक माझी. हे तुमच्या कानावर घालायला मला उशीर झाला, आणि ही लाज मला जन्मभर पुरेल.

आता मी दत्ताच्या जीपनं येते-जाते. तरुण आहे, गाडी चांगली चालवतो, बोलतो कमी. घनसावंगीत उतरताना मी त्याला विचारायला लागले, "मागं कुणी राहिलंय का?" पहिल्या दिवशी त्याला वाटलं, माझी पिशवी राहिली. दुसऱ्या दिवशी हसला. मागच्या आठवड्यात मात्र त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "सकाळी एक म्हातारी नेल्ती. लेकीकडं दवाखान्याला. ती दिसली न्हाई." मी उतरलेली परत चढले. चौदा वर्षांत तो रस्ता मी रिकाम्या गाडीतून, संध्याकाळी उलट दिशेनं, पहिल्यांदाच पाहिला. दोन्हीकडे ऊस, आणि एकही माणूस नाही. एवढा वेळ बोलायला कुणी नसताना सुखदेव काय करत असेल, कुठली शंका घोळवत असेल, असं मनात येत राहिलं.

फाट्यावर म्हातारी बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. गाडी दिसताच तिनं शांतपणे पिशवी उचलली. इतका उशीर का, असंही विचारलं नाही. मागे बसली, पदर सारखा केला आणि मग तिचं लक्ष स्टेअरिंगकडे गेलं.

"परत न्यायला सुखदेव आला न्हाई का आज?"

मी दत्ताकडे पाहिलं. त्यानं गियर टाकला आणि आरशात न बघताच म्हणाला, "त्येनंच धाडलंय, आजी."

"बरं," म्हातारी म्हणाली.

ते खोटं होतं. मी विज्ञान शिकवते, चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. पण गाव येईपर्यंत मी काही बोलले नाही.